मणक्यांच्या फ्यूजननंतर बरं होताना: पहिल्या दिवसापासून वर्षभरापर्यंत

फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडायचं ऑपरेशन. माझ्या ऑपरेशननंतर सातव्या आठवड्यात माझ्या हातून चष्म्याची डबी खाली पडली आणि मी वाकून ती उचलली. अगदी सहज, पूर्वी उचलायचे तशी. कंबर दुखली नाही, चमकही आली नाही. डबी हातात आल्यावर मात्र मला घाम फुटला, कारण घरी सोडताना जी तीन कामं अजिबात करायची नाहीत म्हणून सांगितली होती, त्यातलं पहिलंच मी करून बसले होते. पुढच्या तपासणीत एक्स-रे ठीक निघाला, काही सरकलं नव्हतं. पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. दुखणं आधी थांबतं, हाड बरंच नंतर जुळतं. या दोन्हींच्या मधले जे महिने असतात, ते सगळ्यात जास्त सांभाळायचे.

ज्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे किंवा जे नुकतेच घरी आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि तितकंच त्यांच्या घरच्यांसाठीही. माझं फ्यूजन कमरेत, चौथ्या आणि पाचव्या मणक्यात, पाठीकडून झालं. मानेच्या फ्यूजनबद्दल पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे. खाली दिलेले आठवडे साधारण धरा. किती मणके जोडले, हाडं किती भक्कम आहेत, मधुमेह आहे का, यावर ते मागेपुढे होतात. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आत नेमकं काय केलेलं असतं

बऱ्याच जणांची समजूत असते की स्क्रू आणि रॉड घालून मणके जोडले, संपलं. तसं नसतं. स्क्रू, रॉड आणि दोन मणक्यांच्या मध्ये बसवलेला केज, म्हणजे छोटा पोकळ ठोकळा, हे फक्त धरून ठेवतात. जोडायचं काम हाडाचं. त्यासाठी तिथे बोन ग्राफ्ट ठेवतात, म्हणजे हाडाचा चुरा किंवा तुकडे. तो तुमच्याच कमरेच्या हाडातून घेतात, दात्याचा असतो किंवा कृत्रिम असतो. कमरेच्या हाडातून घेतला असेल तर ती जागा काही आठवडे पाठीपेक्षाही जास्त ठणकते. हे आधी माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही.

स्लॅब ओतताना खालून सेंटरिंगचे टेकू लावतात, ते डोळ्यांसमोर आणा. स्लॅब पहिल्याच दिवशी पुरा झालेला दिसतो, पण उभा असतो तो टेकूंच्या जिवावर. तुमच्या पाठीतली धातूची चौकट म्हणजे हे टेकू. फरक एवढाच की इथे टेकू सहसा कधीच काढत नाहीत. आणि स्लॅब धरलाच नाही, म्हणजे हाड जुळलंच नाही, तर सगळा भार कायमचा टेकूंवर राहतो. रोज हजारो वेळा तोच ताण सोसून स्क्रू सैल होतात, कधी रॉड तुटतो.

हे ऑपरेशन शंभर वर्षांहून जुनं आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड आल्बी या दोन सर्जननी वेगवेगळ्या पद्धतींनी ते प्रथम केलं, तेही मणक्याच्या क्षयरोगासाठी. तेव्हा स्क्रू-रॉड नव्हते, त्यामुळे हाड धरेपर्यंत रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवावं लागे. आज आपल्याला दुसऱ्या दिवशी उभं करतात ते या टेकूंच्या भरवशावर. हाडाला लागणारा वेळ मात्र तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. पहिल्या काही आठवड्यांत ग्राफ्टमध्ये नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग मऊ हाड तयार होतं, साधारण ३ ते ६ महिन्यांत ते कडक व्हायला लागतं आणि पूर्ण पक्कं व्हायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त.

ऑपरेशनच्या आधी

तंबाखूबद्दल आधीच स्पष्ट बोलते, कारण हाड न जुळण्याच्या कारणांत हे सगळ्यात मोठं आणि आपल्या हातातलं कारण आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नवं हाड तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. सिगारेट असो, चघळायची तंबाखू असो, परिणाम तोच. निकोटिनचा पॅच आणि च्युइंगगमही यातच मोडतात, म्हणून ते वापरायचे झाले तर सर्जनना विचारून. ऑपरेशनच्या निदान ४ आठवडे आधी सोडा आणि नंतर हाड जुळल्याचं कळेपर्यंत हात लावू नका. घरात कुणाला सवय असेल तर त्यांनाही हे वाचायला द्या, एकट्याने सोडणं फार अवघड असतं.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून घ्या. जखम भरणं आणि जंतुसंसर्ग टाळणं, दोन्ही त्यावर अवलंबून आहे. व्हिटॅमिन डी कमी असेल तर तेही आधीच भरून काढा.

मग घराकडे वळा. रोज लागणारी प्रत्येक वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आणून ठेवा. खालचे कप्पे आणि वरची फळी परवानगी मिळेपर्यंत विसरायची. पायात अडकणाऱ्या सतरंज्या, पायपुसणी, मोकळ्या वायरी उचलून ठेवा. रात्री बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवर छोटा दिवा लावा. एक हातांची, टणक बैठकीची खुर्ची शोधून ठेवा, जिच्यात बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर राहतात. खोल सोफ्यात बसलात की उठताना हमखास वाकावं लागतं. कमोड ठेंगणा असेल तर त्यावर बसवायची उंच सीट मिळते, ती आणा. आणि एक लांब दांड्याचा चिमटा घ्या, खाली पडलेलं उचलायला. माझ्याकडे तो होता. सातव्या आठवड्यात तो दाराआड उभा होता आणि मी वाकले.

अंथरुणातून उठणं

यावर थोडं जास्त लिहिते. हे दिवसातून दहा-पंधरा वेळा करावं लागतं आणि चुकीचं झालं तर दर वेळी पाठीला पीळ बसतो. शक्यतो ऑपरेशनच्या आधी, अंगात ताकद असताना, आठवडाभर याचा सराव करा. मी केला नव्हता आणि पहिल्या सकाळी फिजिओथेरपिस्ट सांगत होत्या त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

१. उताणे असाल तर आधी गादीच्या मध्याकडे थोडं सरका, म्हणजे कुशीवर वळायला जागा राहील. एकेक करून दोन्ही गुडघे वर घ्या, तळपाय गादीवर टेकवा.

२. बेंबी हलकेच पाठीकडे ओढा. श्वास चालू ठेवा. श्वास रोखला की पोटात दाब वाढतो आणि पाठ ताठरते.

३. आता खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी कुशीवर वळवा. अंगाचा ओंडका झाला आहे असं समजा. खांदा आधी आणि कंबर मागून आली, तर तोच पीळ.

४. कुशीवर गादीच्या कडेशी या. दोन्ही पाय कडेवरून खाली सोडा आणि त्याच क्षणी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीत रोवून वर रेटा. पाय खाली जातात तसं धड वर येतं, तराजूच्या दोन पारड्यांसारखं. पायांचं वजन तुमचं निम्मं काम करतं.

५. बसलात की मिनिटभर तसेच थांबा. चक्कर येते का पाहा, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत. मग पाय थोडे मागे घेऊन, पाठ सरळ ठेवून, मांड्यांच्या जोरावर उभं राहा.

झोपताना हेच उलट्या क्रमाने. घरच्यांना एक कळकळीची विनंती. मदत म्हणून पेशंटचा हात धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. एक हात खांद्यामागे, एक गुडघ्यांमागे, आणि पेशंट वळेल त्या वेगाने. बाकी फक्त जवळ उभं राहा. पडणार नाही ही खात्री असली की माणूस स्वतःच नीट उठतो.

दवाखान्यातल्या दिवसांत आणखी काही कामं तुमचीच असतात. पडल्या पडल्या दर तासाला पावलं वर-खाली हलवा, पोटरीतलं रक्त खेळतं राहतं आणि गुठळी व्हायची शक्यता कमी होते. श्वासाच्या व्यायामाचं यंत्र दिलं असेल तर जागे असताना तासाला दहा वेळा खोल श्वास घ्या. कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर लघवी होत नसेल तर संकोच न करता नर्सना लगेच सांगा. दुसरा-तिसरा दिवस पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो, कारण ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या औषधांचा अंमल उतरलेला असतो. ऑपरेशन बिघडलं असा त्याचा अर्थ नाही.

घरी जाताना गाडीत आधी पाठमोरे बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर अंग न पिळता सहज फिरता येतं. पाठीमागची बाजू थोडी कलती ठेवा. प्रवास लांबचा असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने थांबून दोन मिनिटं उभं राहा.

औषधं

एक वही करा. औषध, वेळ, किती घेतलं, त्या वेळी दुखणं दहापैकी किती. झोपेच्या गुंगीत गोळी घेतली की नाही हे आठवत नाही आणि दुखण्यापायी माणूस दोनदा घेतो. पहिल्या आठवड्यात दुखायची वाट पाहू नका, ठरलेल्या वेळीच घ्या. एकदा वेदना चढली की ती उतरवायला जास्त औषध लागतं.

पॅरासिटामॉल अनेक गोळ्यांमध्ये मिसळलेलं असतं. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेताना दोन्हीत ते असू शकतं, म्हणून पाकिटावर वाचा. मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा सगळं मिळून ४ ग्रॅम, आणि यकृताचा त्रास असेल तर त्याहून बरीच कमी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी सूज उतरवणारी औषधं हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात, म्हणून अनेक सर्जन सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने ती देत नाहीत. घरात जुनी पडून असलेली गोळी मनाने घेऊ नका. नसेच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन दिलं असेल तर ते एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करून घ्यायचं. ट्रामाडॉलसारख्या तीव्र गोळ्यांचंही तसंच.

या तीव्र गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, आणि कुंथणं म्हणजे ताज्या पाठीवर थेट दाब. चार दिवस वाट पाहून मग उपाय शोधू नका. गोळी सुरू झाल्याच्या दिवसापासूनच शौच मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून मागून घ्या, पाणी भरपूर प्या, तंतुमय खा आणि चाला. याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पण पहिल्या आठवड्यातली माझी सगळ्यात वाईट सकाळ पाठीमुळे गेली नाही, याच्यामुळे गेली.

घरी पहिले दोन आठवडे

तीन गोष्टी भिंतीवर लिहून लावा: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २ ते ४ किलो सांगतात. पाण्याची भरलेली बादली, कपड्यांची टोपली, लहान मूल, सगळं त्यापलीकडचं. लहान मूल घरात असेल तर त्याने तुमच्याजवळ यावं, तुम्ही त्याला उचलू नये. तुम्ही बसा आणि दुसऱ्या कुणी त्याला तुमच्या शेजारी आणून द्यावं. मागे वळून पाहायचं झालं तर मान-कमर न फिरवता पावलं टाकत अख्खं अंग फिरवा. दात घासताना बेसिनवर न झुकता पेल्यात थुंका. शौचानंतर पुसताना मागून वळण्याऐवजी समोरून, पायांमधून हात न्या. बायकांनी तेव्हाही पुढून मागेच पुसायचं. शिंक-खोकला आला तर पोटाशी उशी कवटाळा, पाठ सरळ ठेवा, भिंतीला किंवा खुर्चीला टेका.

जखम कोरडी ठेवा. टाके किंवा स्टेपल साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. अंघोळ कधी आणि कशी, हे ड्रेसिंगवर ठरतं. परवानगी मिळाली की पाणी वरून वाहू द्या, घासू नका, टिपून कोरडं करा. टबमध्ये बसणं किंवा पोहणं जखम पूर्ण भरेपर्यंत नाही. पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून घरच्या एकाच माणसाने रोज एकाच उजेडात पाहावं. फोनवर फोटो काढून कालच्या फोटोशी ताडून पाहिलं की लाली वाढते आहे की ओसरते आहे हे नेमकं कळतं.

पट्टा दिला असेल तर आत पातळ सुती बनियन घाला आणि तो कधी घालायचा, कधी काढायचा हे विचारून लिहून घ्या. काही सर्जन पट्टा देत नाहीत. शेजारच्या पेशंटला मिळाला आणि आपल्याला नाही म्हणून घाबरू नका.

झोपताना उताणे असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. पालथं झोपायचं नाही. बसणं एका वेळी २०-३० मिनिटांपुरतंच, मग उठायचं.

आणि चालायचं. या सगळ्या काळात तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं औषध हेच. हाडावर भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं, हे जर्मन सर्जन यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं आणि आजही ते धरून चालतात. झोपून राहिलेलं हाड विरळ होतं. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार ते सहा वेळा, घरातल्या घरात आणि सपाट जमिनीवर. एक-दोन दिवसांनी मिनिटभर वाढवत जा. किती वाढवायचं ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवा: रात्रीत दुखणं वाढलं असेल तर आदल्या मापावर या आणि दोन दिवस तिथेच राहा.

ताबडतोब दवाखाना गाठायचा तो कशासाठी

खालचं काही दिसलं तर उद्याची वाट पाहू नका, रात्र असली तरी.

- लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा येणं. यात तासांना महत्त्व असतं.
- पायात नव्याने आलेला अशक्तपणा, पाऊल उचललं न जाणं.
- एका पोटरीत सूज, दुखणं, गरमपणा. किंवा छातीत दुखणं, अचानक धाप लागणं.
- ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर ताप, जखमेतून पू, वास, पसरणारी लाली.
- जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ स्राव आणि उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखणं, आडवं झालं की कमी होणं. मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपत असू शकतं.

हा भाग घरच्यांनी फोटो काढून ठेवावा. पेशंटला स्वतःला वाटत राहतं की उगाच सगळ्यांना त्रास कशाला, आणि तो गप्प राहतो.

दोन ते सहा आठवडे

या टप्प्यात नसांचं वागणं गोंधळात टाकतं. पायातली कळ बहुतेकांची पाठीच्या आधी जाते, काहींची तर शुद्धीवर येतानाच. पण मध्येच एखाद्या दिवशी ती परत येते, मुंग्या येतात, विजेसारखा झटका बसतो. सुजलेली नस शांत होताना असं होतं. सोबत अशक्तपणा नसेल आणि एक-दोन दिवसांत ओसरत असेल तर पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालतं. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. इजा झालेला मज्जातंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. कमर ते अंगठा हे अंतर तुम्हीच मोजून पाहा, म्हणजे महिने का लागतात ते कळेल. फार काळ दबलेली नस पूर्ण पूर्ववत होईलच असं नाही, हेही खरं आहे.

मन याच काळात खचतं. पहिल्या दोन आठवड्यांत भेटायला येणारे असतात, फोन येतात. मग सगळे आपापल्या कामाला लागतात आणि तुम्ही छताकडे बघत पडलेले असता. झोप तुटक, गोळ्यांची गुंगी, प्रत्येक कामासाठी कुणाला तरी हाक मारायची. चौथ्या आठवड्यात मी एका दुपारी मोजे घालता येईनात म्हणून रडले. हे होतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन असंच राहिलं, झोप-भूक गेली, तर डॉक्टरांना सांगा. तोही उपचाराचाच भाग आहे, त्यालाही औषध आहे. घरच्यांना एवढंच सांगते, कधीतरी काही न सांगता-सुचवता शेजारी बसा.

सहा ते बारा आठवडे

सहाव्या आठवड्याच्या आसपास एक्स-रे होतो, गोळ्या कमी झालेल्या असतात, चाल सुधारलेली असते आणि आपण बरे झालो असं वाटायला लागतं. आतलं हाड मात्र अजून कोवळं असतं. स्लॅब धरायच्या आधीच त्यावर माणसं चढवायची ही वेळ नव्हे. वेदना हा आतापर्यंतचा आपला पहारेकरी होता, आता तो नाही, म्हणून नियम आपणच आठवणीत ठेवायचे.

मी डबीच्या प्रसंगानंतर तीन गोष्टी केल्या. चिमटा दोन ठिकाणी ठेवला, एक बिछान्याशी आणि एक ओट्याजवळ. दुखणं कमी झालं तरी भिंतीवरचा कागद काढला नाही. आणि एखाद्या दिवशी फार बरं वाटलं तर मुद्दाम आदल्या दिवसाइतकंच केलं. चांगल्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, हे चक्र फार जणांचं होतं.

चालणं या काळात सलग अर्ध्या तासापर्यंत न्या. खालून काही उचलायची परवानगी मिळाली की फिजिओंकडून पद्धत शिकून घ्या: एक पाय मागे, तोच गुडघा जमिनीला, एक हात भक्कम खुर्चीवर, पाठ सरळ, वस्तू अंगाजवळ. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवं बसणं परवानगीशिवाय नको, कारण त्यात कंबर गोल होते.

गाडी चालवणं दोन अटींवर: गुंगी आणणाऱ्या गोळ्या पूर्ण बंद आणि अचानक ब्रेक दाबण्याइतका पाय चपळ. त्यावर सर्जनचा होकार. बैठं काम असेल तर बरेच जण ४ ते ८ आठवड्यांत परततात, सुरुवातीला अर्धा दिवस. अंगमेहनतीच्या कामाला ३ ते ६ महिने, कधी जास्त. शरीरसंबंधांबद्दल विचारायला लाज वाटते, पण विचारा. साधारण सहा आठवड्यांनंतर, पाठीवर भार न येणाऱ्या स्थितीत, परवानगी देतात.

फिजिओथेरपी कधी

लवकर सुरू केली तर लवकर बरं वाटेल, असं वाटणं साहजिक आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात कमरेच्या फ्यूजननंतर सहा आठवड्यांनी गटात व्यायाम सुरू केलेल्यांपेक्षा बारा आठवड्यांनी सुरू केलेल्यांची प्रगती चांगली निघाली. म्हणून तुमच्या सर्जननी थांबायला सांगितलं तर ते तुम्हाला मागे ठेवत नाहीत. तोवर चालणं, श्वासाबरोबर पोट हलकेच आवळणं, नितंबांचे स्नायू घट्ट करून सोडणं, एवढं पुरतं.

सुरू झाल्यावर फिजिओ पोट, पाठ आणि कमरेच्या सांध्यांभोवतीचे स्नायू तयार करतात. हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, कारण जोडलेला सांधा आता हलत नाही आणि त्याच्या वाट्याची हालचाल वरच्या-खालच्या मणक्यांवर जाते. कंबर न वाकवता खुब्यातून झुकायला शिकलात तर ते शेजारचे मणके वाचतात. व्यायामानंतर स्नायू दुखले तर ठीक. पायात कळ उतरली किंवा मणक्यात खोल, टोचणारं दुखलं तर तिथेच थांबा.

मानेचं फ्यूजन असेल तर

मानेचं ऑपरेशन बरेचदा समोरून, गळ्याकडून होतं. गिळायला त्रास, घोगरा आवाज, घसा दुखणं हे काही दिवस, कधी काही आठवडे असतं. मऊ खा, लहान घास घ्या, ताठ बसून गिळा. गळ्याला वाढती सूज, श्वास घ्यायला जड जाणं, लाळही न गिळता येणं ही मात्र जिवावरची लक्षणं आहेत, क्षणही घालवू नका. फोन मांडीवर ठेवून मान खाली घालायची सवय मोडा. फोन डोळ्यांच्या उंचीवर आणा. चालणं, औषधं, तंबाखू आणि उचलण्याचे नियम वरचेच.

सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत

तपासण्या साधारण ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि १ वर्षाला असतात. बरं वाटतंय म्हणून शेवटच्या दोन चुकवू नका, हाड जुळलं की नाही ते त्यातच कळतं. एक्स-रेवर स्पष्ट दिसलं नाही तर सीटी स्कॅन करतात. कमी होत गेलेलं कमरेचं दुखणं काही महिन्यांनी पुन्हा वाढू लागलं, विशेषतः हालचालीबरोबर, तर हाड न जुळल्याची शक्यता तपासून घ्यावी लागते.

दर भेटीला प्रश्न लिहून न्या. माझ्या वर्षाच्या भेटीचा कागद असा होता: हाडाचा पूल दोन्ही बाजूंनी दिसतो का? वरच्या मणक्यावर ताण दिसतो का? वजनाची मर्यादा आता किती? धावणं, उड्या, पोहणं यातलं काय चालेल? कोणते व्यायाम कायम ठेवायचे? आणि आत बसवलेल्या धातूचं कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद मागून घ्या. स्क्रू-रॉड बहुतेक टायटॅनियमचे असतात आणि त्यांच्यासह एमआरआय सहसा करता येतो, पण मशीनमध्ये जायच्या आधी तंत्रज्ञांना ते सांगावंच लागतं, आणि तेव्हा नेमकं काय बसवलं आहे हे आपल्या तोंडून सांगण्यापेक्षा कागदावर दाखवलेलं बरं.